लेव्हिटटाउनचा फोटो आणि फोटोत नसलेली माणसं

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फोटो फिरत फिरत आला. १९५० च्या दशकातली अमेरिका. पांढरं बैठं घर, पुढे नीट कापलेली हिरवळ, दारात लांबलचक मोटार. टाय लावलेला बाप, एप्रन बांधलेली आई आणि तीन गुटगुटीत पोरं. खाली मजकूर असा की एकट्याच्या पगारात घर, गाडी आणि मुलांचं शिक्षण व्हायचं, दाराला कुलूप लागत नव्हतं, शेजारी शेजाऱ्याला नावाने ओळखायचा. शेवटी प्रश्न : हे सगळं गेलं कुठे?

न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या एका वर्गमित्राने लगेच अंगठा दिला. दुसऱ्याने लिहिलं, "तेव्हा संस्कार होते, आता फक्त हक्क उरलेत." मी तेव्हा गप्प बसलो. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं ते प्रकरण नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबली आहे, वेळ काढून वाचा.

आधी एक गोष्ट कबूल करू. तो फोटो खोटा नाही. तशी घरं होती, तशी माणसंही होती. ती घरं कशी उभी राहिली हे कळलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेचे लाखो सैनिक घरी परतले. लग्नं झाली, पोरं झाली, पण राहायला जागा नव्हती. मंदीची दहा वर्षं आणि वर युद्ध, त्यामुळे घरबांधणी जवळपास ठप्प झालेली. नवी जोडपी आईबापाच्या घरी एका खोलीत नाहीतर लष्कराच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होती. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांमध्ये विल्यम लेव्हिट नावाच्या बिल्डरने काम सुरू केलं. युद्धात त्याने नौदलासाठी काम केलं होतं. भराभर आणि एकसारखं बांधायचं कसं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मोटारीच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागेवर उभे राहतात. लेव्हिटने उलटं केलं. घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या एका घरातून दुसऱ्या घरात. एक टोळी फक्त पाया घालणार, दुसरी फक्त फरशी बसवणार, तिसरी फक्त रंग देणार. ऐन जोरात काम असताना दिवसाला तीस घरं उभी राहत होती. १९५१ पर्यंत सतरा हजारांहून जास्त घरं झाली. गावाला नाव पडलं लेव्हिटटाउन.

घर केवढं? साधारण साडेसातशे चौरस फूट. दोन झोपायच्या खोल्या, एक बाथरूम, वर अर्धवट माळा. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम टू बीएचकेएवढं! स्वयंपाकघरात शेगडी आणि फ्रीज आधीच बसवलेला. १९४९ मध्ये किंमत ७,९९० डॉलर. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मध्यम कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३,३०० डॉलरच्या आसपास होतं. म्हणजे अडीच वर्षांच्या कमाईपेक्षाही कमी पैशात घर. आज तिथे मध्यम घराची किंमत मध्यम उत्पन्नाच्या पाचपटीच्या आसपास गेली आहे. तेव्हा ग्रुपवरच्या मित्राची हळहळ अगदीच अस्थानी नाही.

पण हे एकट्याच्या पगारात जमलं कसं? फोटोखालच्या मजकुरात हा भाग नव्हता.

पहिलं कारण सरकार. २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठी एक कायदा केला. लोक त्याला जी. आय. बिल म्हणतात. कॉलेजची फी, वर राहण्याखाण्याचा भत्ता आणि घरकर्जाला सरकारची हमी. सुमारे ७८ लाख सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. ज्याच्या घराण्यात कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, तो इंजिनिअर झाला. कर्ज बुडालं तर सरकार भरेल ही खात्री असल्यामुळे बँका सैनिकाला एक डॉलरही आगाऊ न घेता तीस वर्षांचं कर्ज द्यायला तयार झाल्या. शहराबाहेरच्या त्या घरापर्यंत जायला रस्ता हवा, तोही सरकारने बांधला. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांचं जाळं ठरलं आणि नव्वद टक्के खर्च केंद्राने उचलला.

दुसरं कारण कामगार संघटना. १९५० च्या दशकात अमेरिकेतला जवळपास प्रत्येक तिसरा पगारदार युनियनचा सभासद होता. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि मोटार कामगारांच्या युनियनमध्ये पाच वर्षांचा करार झाला. महागाई वाढली की पगार वाढणार, पेन्शन मिळणार, आजारपणाच्या खर्चाचा भार कंपनी उचलणार. बाकीच्या मोठ्या कारखान्यांनीही हळूहळू तोच नमुना धरला. आयकराचा सगळ्यात वरचा दर तर ९१ टक्के होता. पळवाटा काढून बहुतेक श्रीमंत त्याच्या पुष्कळ खाली भरायचे हे खरं, पण साहेबाचा पगार कामगाराच्या शेकडोपट नेण्यात फारसा अर्थ नव्हता.

तिसरं कारण, जगात स्पर्धाच नव्हती. जर्मनी, जपान, ब्रिटन, फ्रान्स यांचे कारखाने बॉम्बखाली गेलेले किंवा कर्जात बुडालेले. अमेरिकेच्या कारखान्याची एक वीटही ढळली नव्हती. सगळ्या जगाला माल हवा होता आणि विकणारा जवळजवळ एकच.

चौथी गोष्ट पैशात मोजता येत नाही. विश्वास. १२ एप्रिल १९५५ रोजी साल्क यांची पोलिओची लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं, तेव्हा गावोगावी चर्चच्या घंटा वाजल्या. तीन वर्षांपूर्वी, १९५२ मध्ये, एका वर्षात सुमारे ५८ हजार जणांना पोलिओ झाला होता. त्यातली बहुतेक लहान मुलं. तिच्या चाचणीसाठी आईबापांनी आपली लाखो मुलं रांगेत उभी केली होती. १९५८ च्या एका पाहणीत जवळपास तीन चतुर्थांश लोक म्हणाले होते की सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असं आम्हाला वाटतं. आज हा आकडा पाव हिश्श्याच्याही खाली घसरला आहे. हा तोटा खरा आहे, आणि त्याची हळहळ मलाही वाटते.

आता फोटोत नसलेल्या माणसांकडे वळू.

लेव्हिटच्या सुरुवातीच्या भाडेकरारात एक कलम होतं. हे घर गोऱ्या वंशाच्या माणसांशिवाय कोणालाही वापरू देणार नाही. घरकामाला येणारे नोकर तेवढे चालतील. हे कलम छुपं नव्हतं, ठळक अक्षरांत छापलेलं होतं. लेव्हिट स्वतः ज्यू, म्हणजे ज्या समाजाला अमेरिकेतल्या कितीतरी वस्त्यांमध्ये घर नाकारलं जायचं त्यातलाच. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की मी घरांचा प्रश्न सोडवू शकतो, वंशाचा सोडवू शकतो, पण दोन्ही एकदम नाही.

हा एकट्या लेव्हिटचा दोष नव्हता. कर्जाची हमी देणारं सरकारी खातंच सांगत होतं की वस्ती एका वंशाची ठेवा, मिश्र वस्तीत किंमत पडते. शहरांच्या नकाशांवर काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या जायच्या. लाल म्हणजे धोका, म्हणजे कर्ज नाही. मे १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की असली वांशिक कलमं न्यायालयं अमलात आणू शकणार नाहीत. कलम गेलं, पण रिवाज राहिला. जी. आय. बिल कागदावर सगळ्या सैनिकांसाठी होतं. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यात सरकारी हमीची ३,२२९ कर्जं दिली गेली, त्यातली काळ्या माणसांना मिळाली फक्त दोन. एकाच युद्धात लढलेले दोन शिपाई. एकाला घर मिळालं. ते घर पुढे दहापट किमतीचं झालं, त्यातून मुलं शिकली, नातवाला वारसा मिळाला. दुसरा भाड्याच्या खोलीत राहिला. अमेरिकेत आज गोऱ्या आणि काळ्या कुटुंबांच्या मालमत्तेत जी प्रचंड दरी आहे, तिचं एक मोठं मूळ इथे आहे.

भाड्याचं घर शोधताना आधी आडनाव विचारलं जाणं आपल्यालाही काही नवीन नाही. तेव्हा अमेरिकेला नावं ठेवण्याआधी जरा थांबायचं, एवढंच.

लेव्हिटने दुसरं गाव बांधलं पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीत. जवळच १९५२ मध्ये यू. एस. स्टीलचा फेअरलेस नावाचा अवाढव्य पोलाद कारखाना सुरू झाला होता. तिथले कितीतरी कामगार या लेव्हिटटाउनमध्ये राहायला आले. ऑगस्ट १९५७ मध्ये डीपग्रीन लेनवर बिल आणि डेझी मायर्स हे जोडपं तीन लहान मुलांना घेऊन राहायला आलं. बिल लष्करात नोकरी केलेला, डेझी शिक्षिका. फोटोतल्या कुटुंबात शोभतील असे. फक्त रंग काळा.

बातमी काही तासांत गावभर झाली. संध्याकाळपर्यंत घरापुढे जमाव. पुढच्या दिवसांत तो शेकड्यांवर गेला. खिडक्यांवर दगड आले. एक पोलीस दगड लागून बेशुद्ध पडला. राज्याच्या गव्हर्नरला राज्य पोलीस पाठवावे लागले. मायर्सना मदत करणाऱ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर क्लू क्लक्स क्लॅनची अक्षरं रंगवली गेली. जवळच्या एका घरात विरोधकांनी तळ ठोकला, रात्रंदिवस मोठ्याने गाणी लावून ठेवायचे. शेवटी राज्याच्या ॲटर्नी जनरलने कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणला तेव्हा कुठे हे थांबलं. मायर्स कुटुंब मात्र हललं नाही. काही शेजारी त्यांच्या घरी रात्री सोबतीला येऊन बसत, खाणं आणून देत. तीही माणसं त्याच लेव्हिटटाउनची होती, हेही नोंदवलं पाहिजे.

दगड मारणारे लोक कोण होते? राक्षस नव्हते हो. भट्टीवर घाम गाळणारे कामगार, त्यांच्या बायका, सैन्यातून परतलेले तरुण. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर झालेलं. त्यांना भीती होती की एक काळं कुटुंब आलं की घराची किंमत पडणार. ती भीती त्यांच्या डोक्यात कर्ज देणाऱ्या बँकेने आणि सरकारी खात्यानेच घातली होती. ही घटना मला फार महत्त्वाची वाटते, पुढे पुन्हा तिच्याकडे येतो.

दाराला कुलूप लागत नव्हतं म्हणतात. त्याच काळात व्हिक्टर ग्रीन नावाच्या हार्लेमच्या एका पोस्टमनने काढलेली मार्गदर्शिका काळे प्रवासी गाडीत ठेवायचे. कुठल्या गावात राहायला खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठल्या पंपावर पेट्रोल देतील, याची यादी. १९३६ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती निघत होती. सुट्टीला निघालेल्या बापाला पोरांना घेऊन कुठे थांबायचं हेही आधी पुस्तकात बघावं लागायचं.

आता त्या एप्रनवाल्या आईकडे बघू. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मुलीचं लग्नाचं मध्यम वय होतं साधारण वीस. म्हणजे निम्म्या मुली वीस-सव्वावीसच्या आत बोहल्यावर. वर्तमानपत्रात नोकरीच्या जाहिरातींचे पुरुषांसाठी आणि बायकांसाठी वेगळे रकाने असायचे, आणि बायकांच्या रकान्यात टायपिस्ट, नर्स, सेल्सगर्ल. घटस्फोट हवा तर कोर्टात एकाचा दोष सिद्ध करावा लागायचा. एकट्या बाईला कर्ज नाकारणं बँकांना कायद्याने बंद झालं थेट १९७४ मध्ये. १९५७ मध्ये बेटी फ्रीडन यांनी आपल्या कॉलेजच्या जुन्या मैत्रिणींना प्रश्नावली पाठवली. शिकल्या-सवरलेल्या, उपनगरात छान घरात राहणाऱ्या बायका, आणि त्यांची उत्तरं निराशेने भरलेली. त्यातून १९६३ चं त्यांचं गाजलेलं पुस्तक झालं. फोटोत त्या आईला कोणी काही विचारलेलं दिसत नाही.

आणखी एक आकडा. १९५९ मध्ये अमेरिकेत शंभरातले बावीस जण दारिद्र्यरेषेखाली होते. पासष्टच्या वरच्या म्हाताऱ्यांमध्ये तर तिघांतला एक. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा आला, पेन्शनही वाढत गेली, आणि हे चित्र पालटलं. सगळंच बिघडत गेलं असं नाही.

आता आमच्या अंगठेवाल्या मित्राचा विषय. त्या फोटोतल्या अमेरिकेत तो स्वतः कुठे असता? १९४६ च्या कायद्याने अख्ख्या भारतासाठी वर्षाचा कोटा ठरला होता १०० माणसांचा. शंभर! मराठी नव्हे, अख्खा देश. ऑगस्ट १९५५ मध्ये भारताचे अमेरिकेतले राजदूत गगनविहारी मेहता ह्यूस्टनच्या विमानतळावर जेवायला थांबले होते. रंग बघून त्यांना गोऱ्यांच्या मुख्य दालनातून उठवून वेगळ्या खोलीत नेलं गेलं. पुढे परराष्ट्रमंत्री डलेस यांना माफी मागावी लागली. देशाच्या राजदूताची ही कथा, तर कुणा जोशी-पाटलाला टेबल कोण देणार होतं?

दार उघडलं ते ३ ऑक्टोबर १९६५ रोजी. अध्यक्ष जॉन्सन यांनी देशनिहाय कोटा मोडणारा कायदा सही केला आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर जायला लागले. गावोगावी महाराष्ट्र मंडळं निघाली, गणपती बसले, १९८१ मध्ये सगळ्या मंडळांचं मिळून बृहन् महाराष्ट्र मंडळ झालं. हा कायदा आभाळातून पडला नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि हा कायदा एकाच लाटेतले. काळ्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, पोलिसांची कुत्री अंगावर घेतली, तुरुंग भरले, त्याचा एक लाभार्थी आपला न्यू जर्सीतला मित्रही आहे. "आता फक्त हक्क उरलेत" म्हणताना हे लक्षात राहावं.

मग हा फोटो एवढा लोकप्रिय झाला कधी? गंमत म्हणजे पन्नासच्या दशकातल्या लोकांना आपण सुवर्णकाळात जगतोय असं सारखं वाटत नव्हतं. शाळेत पोरांना अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली कसं लपायचं हे शिकवत होते. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. कोरियात सुमारे ३६ हजार अमेरिकन सैनिक मेले. आठवणींचा खरा बाजार सुरू झाला १९७० च्या दशकात. व्हिएतनाम, वॉटरगेट, १९७३ चा तेलाचा भडका, वाढती महागाई. त्याच १९७३ मध्ये 'अमेरिकन ग्राफिटी' सिनेमा आला आणि जानेवारी १९७४ मध्ये 'हॅपी डेज' ही मालिका सुरू झाली. लोकांना आठवत होतं ते बरचसं स्वतःचं लहानपण. लहानपणी घराचा हप्ता आपण भरत नसतो, त्यामुळे ते दिवस बिनकटकटीचेच वाटणार.

आता पुन्हा पेनसिल्व्हेनियातल्या त्या पोलाद कारखान्याकडे. मायर्स कुटुंबाच्या घरावर दगड मारणाऱ्यांना वाटलं होतं की आपलं आयुष्य यांच्यामुळे बुडणार. मायर्स चार वर्षं राहून नोकरीनिमित्त दुसरीकडे गेले. त्यांच्यामुळे कोणी बुडालं नाही. परदेशी पोलाद स्वस्त झालं, जुन्या यंत्रांवर नवा पैसा घातला गेला नाही, युनियनची ताकद ओसरली, आणि १९९१ मध्ये फेअरलेसच्या भट्ट्या विझल्या. हजारो नोकऱ्या गेल्या. त्या दिवशी कोणावर दगड मारायचे होते? मालकाच्या ऑफिसला तर कुणी घेराव घातल्याचं मोठं चित्र इतिहासात राहिलं नाही.

मला वाटतं, या फोटोतला धोका इथे आहे. हळहळ खऱ्या गोष्टीची असते. परवडणारं घर, पक्की नोकरी, पेन्शन, शेजार, सरकारवर विश्वास. पण फोटो सांगतो की हे सगळं गेलं कारण बायका कामाला लागल्या, काळे शेजारी आले, बाहेरचे लोक आले. हिशेब तपासला तर कारणं वेगळी निघतात. तेव्हा प्रत्येक तिसरा पगारदार युनियनमध्ये होता, आज दहातला एक. तेव्हा सरकार सामान्य माणसाच्या घराला आणि शिक्षणाला हात देत होतं. आज कॉलेजच्या कर्जाखाली पोरं चाळिशी गाठतात. तेव्हा लहान घर बांधायची मुभा होती, आज कितीतरी उपनगरांचे नियम लहान घर बांधूच देत नाहीत. यातल्या एकाही गोष्टीचा मायर्स कुटुंबाशी संबंध नाही.

एक शेवटचं उदाहरण न्यू जर्सीचंच देतो. लेव्हिटने १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या विलिंगबरोत तिसरं गाव बांधायला घेतलं. पुन्हा जाहीर केलं की घरं गोऱ्यांनाच. पण राज्यात भेदभावाविरुद्ध कायदा होता, प्रकरण कोर्टात गेलं आणि लेव्हिट हरला. काळी कुटुंबं राहायला आली. आज ते गाव बहुसंख्य काळ्या मध्यमवर्गीयांचं आहे. तीच घरं, तीच हिरवळ, दारात गाडी, रविवारी चर्च. फोटो तोच, फक्त माणसं वेगळी. म्हणजे ते आयुष्य एका रंगाची मक्तेदारी कधीच नव्हतं. सरकारने आणि बिल्डरने ठरवून ते वाटलं होतं, आणि ठरवून नाकारलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी "किती छान दिवस होते ते" असा फोटो आला, मग तो अमेरिकेचा असो की आपल्या वाड्या-चाळींचा, तर मी दोन प्रश्न विचारणार आहे. या घराचे पैसे कुठून आले? आणि या दारातून कोणाला आत येता येत नव्हतं? चांगलं होतं ते परत मागायला काहीच हरकत नाही. फक्त या वेळी ते सगळ्यांसाठी मागावं.

तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना विचारून बघा. विशेषतः आज्यांना. त्यांना ते दिवस परत हवेत का, आणि त्यातलं नेमकं काय हवंय? उत्तरं खाली लिहा, मला वाचायची आहेत.